ॲशबर्नची घरं आणि जमिनीखालची वाहिनी

अमेरिकेत ॲशबर्नला घर घेतलेल्या मराठी माणसाला ‘इथंच का?’ असं विचारलं, तर उत्तरं ठरलेली असतात. शाळा चांगल्या, डलस विमानतळ जवळ, देशी किराणा पाच मिनिटांवर. कारणं खरी आहेत, पण सगळी नंतरची. व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) या पूर्व पट्ट्यात एवढी घरं उभी राहू शकली, त्याच्या मुळाशी आहे सांडपाण्याची एक वाहिनी.

१९६० साली अख्ख्या काउंटीत माणसं होती २४,५४९. बाकी गोठे, कुरणं आणि मक्याची शेतं. राजधानी वॉशिंग्टनच्या नव्या, म्हणजे याच डलस विमानतळासाठी १९५८ मध्ये इथली जागा ठरली आणि विलर्ड नावाची, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली. १९६२ मध्ये विमानतळ सुरू झाला. त्याचं सांडपाणी सोडायचं कुठं, हा प्रश्न होताच. वॉशिंग्टन ज्या पोटोमॅक नदीचं पाणी पितं, तिच्यात ते वरच्या अंगाला सोडणं परवडणारं नव्हतं. मग केंद्र सरकारनं डलसपासून वॉशिंग्टनच्या यंत्रणेपर्यंत ‘पोटोमॅक इंटरसेप्टर’ ही मोठी वाहिनी टाकली. वाटेतल्या भागालाही तिला जोडून घेता आलं, आणि शेतजमिनीचा भाव तिथंच बदलला.

बिल्डर लगेच आले. साठच्या दशकात स्टर्लिंग पार्क ही पहिली मोठी वसाहत झाली. सुरुवातीची काही वर्षं तिथं कृष्णवर्णीयांना घर विकत नसत, हेही नोंदवायला हवं. पुढं १९९५ मध्ये ग्रीनवे हा टोलरस्ता झाला, १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीनं डलसजवळ मुख्यालय हलवलं, इंटरनेटच्या केबली एकवटल्या. तेलुगू, तमिळ, मराठी आयटीवाले याच लाटेतले. २००० मध्ये लोकसंख्या १,६९,५९९ झाली, २०२० मध्ये ४,२०,९५९. मेट्रो मात्र ॲशबर्नला पोहोचली थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्या केबलींच्या आधारानं उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरच्या, म्हणजे इंटरनेटचे संगणक ठेवलेल्या इमारतींच्या, बिनखिडक्यांच्या भिंती कुणाला आवडत नाहीत, पण त्यांच्या कराच्या जिवावर इथला घरपट्टीचा दर शेजारच्या फेअरफॅक्सपेक्षा कमी राहतो, म्हणून घरमालक कुरकुरत का होईना सोसतात.

पश्चिम लाउडनची गोष्ट वेगळी. तिकडं घोडे, द्राक्षमळे, दगडी कुंपणं. काउंटीनं गावठाणं सोडली तर तिथवर वाहिनी नेलीच नाही, हे धोरण म्हणूनच. २००३ मध्ये एका घरामागं किती एकर हवेत, याचे नियम कडक केले. जाहीर सूचना नीट दिली नाही म्हणून २००५ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केले, तर काउंटीनं पुढच्याच वर्षी सुधारून नवे आणले.

तिकडं बंगला बघायला गेलात, तर खोल्या मोजण्याआधी सेप्टिकचा, म्हणजे वाहिनी नसल्यानं घराचं सांडपाणी आवारातच जिरवणाऱ्या टाकीचा, परवाना मागा. माती किती पाणी शोषते हे तपासून तो दिलेला असतो आणि त्यावर बेडरूमची संख्या लिहिलेली असते. घरात बेडरूम चार, परवान्यावर तीन, असं सर्रास दिसतं. चौथ्या खोलीत पलंग घाला, कपाट घाला, कागदोपत्री ते घर तीन बेडरूमचंच.