सहाय्यक तंत्रज्ञानविषयक सार्वजनिक धोरण

दिव्यांग व्यक्तींना रोजच्या जगण्यासाठी, शिक्षणासाठी आणि कामासाठी लागणारी साधने व त्यांच्यासोबतच्या सेवा मिळाव्यात म्हणून शासनसंस्था जे कायदे, निधी, मानके आणि वितरणाची व्यवस्था उभी करतात, त्यांना मिळून सहाय्यक तंत्रज्ञानविषयक सार्वजनिक धोरण म्हणतात. पांढरी काठी, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय, ब्रेल पाटी यांपासून पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरपर्यंत सारे यात येते. वृद्धांना आणि दीर्घ आजार असलेल्यांनाही यातली बरीच साधने लागतात.

आंतरराष्ट्रीय पातळीवरचे याचे एक सुरुवातीचे पाऊल जकातीतून पडले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. युनेस्कोच्या पुढाकाराने १९५० मध्ये झालेल्या फ्लॉरेन्स कराराने अंधांसाठीच्या शैक्षणिक वस्तूंना आयातकरातून सूट दिली. १९७६ च्या नैरोबी पूरक कराराने ती इतर दिव्यांगांच्या साधनांनाही लागू केली. हक्काची भाषा ठामपणे आली ती संयुक्त राष्ट्रांच्या २००६ मधील दिव्यांग हक्क करारात. त्याचे २० वे कलम हिंडण्याफिरण्याची दर्जेदार साधने परवडणाऱ्या खर्चात मिळावीत असे सांगते आणि त्याच कलमात हिंडण्याफिरण्याच्या कौशल्यांच्या प्रशिक्षणाचाही उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ५० प्राधान्य साधनांची यादी काढली. ही संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना किमान एका सहाय्यक साधनाची गरज आहे आणि जवळपास १०० कोटी लोकांना ते मिळत नाही. काही गरीब देशांत गरजूंपैकी जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत साधन पोहोचते, तर श्रीमंत देशांत हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाते.

धोरणाचा खरा कस लागतो तो साधन हातात दिल्यानंतर. व्हीलचेअरचे उदाहरण घ्यावे. आसन कमरेपेक्षा रुंद असेल तर माणूस एका बाजूला कलतो. पाय टेकवायच्या पट्ट्या फार खाली राहिल्या तर पाय लोंबकळतात. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला बसल्या जागी संवेदना नसते. त्याला योग्य गादी मिळाली नाही तर दाबाने जखम होते, ती त्याला कळतही नाही आणि चिघळली तर जिवावर बेतते. म्हणूनच आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनी व्हीलचेअर देण्याचे आठ टप्पे सांगितले. त्यांत तपासणी व मापे घेण्यापासून खुर्ची बसवून पाहणे, वापर शिकवणे आणि देखभाल-दुरुस्तीपर्यंत सगळे येते. सर्वात कमी दराची निविदा मंजूर करून एकाच मापाच्या खुर्च्या एका दिवसात वाटल्या, तर यातले बहुतेक टप्पे गळतात. वाटलेल्या नगांची संख्या अहवालात येते, वर्षभराने किती जण त्या वापरताहेत हे येत नाही. ही या क्षेत्रातली सर्वात महागात पडणारी चूक आहे. लहान मुलांच्या श्रवणयंत्राचेही तसेच: मूल वाढते तसा कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवू लागते आणि साचा पुन्हा घ्यावा लागतो. त्या खर्चाची तरतूद नसेल तर चालू स्थितीतले यंत्र कपाटात जाते.

डिजिटल साधनांचा प्रश्न वेगळा आहे. स्क्रीन रीडर कितीही चांगला असला तरी संकेतस्थळाची बटणे नाव न देता बनवली असतील तर तो काय वाचणार? त्यामुळे इथे नियम वस्तू बनवणाऱ्यांवर घालावे लागतात. अमेरिकेत पुनर्वसन कायद्याच्या ५०८ व्या कलमाने केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान खरेदीला सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येण्याची, अट घातली. २०१३ च्या माराकेश कराराने अंध वाचकांसाठी पुस्तके सुगम्य रूपात करण्यास आणि ती देशांच्या सीमेपलीकडे पाठवण्यास प्रताधिकारातून (कॉपीराइटमधून) वाट दिली; तो करार सर्वप्रथम भारताने मान्य केला. युरोपीय संघाचा २०१९ चा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला असून त्यात फोन, ई-पुस्तके, बँकसेवा, एटीएम आणि तिकीटयंत्रे येतात. मात्र आधीपासून वापरात असलेली यंत्रे बसवल्यापासून २० वर्षांपर्यंत तशीच ठेवू देण्याची मुभा त्यात सदस्य देशांना आहे.