अर्ध्यावर थांबलेलं विभाजन

‘गर्भधारणेच्या क्षणी अंड्यातून प्रकाश चमकतो’ ही 2016 ची बातमी अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. काहींनी तर ती चमक म्हणजे आत्म्याचा प्रवेश असंही सांगून टाकलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या त्या प्रयोगात शुक्राणू वापरलेच नव्हते! माणसाच्या अंडपेशी कृत्रिम रीतीने चालू केल्या, तेव्हा त्यांतून जस्ताचे आयन बाहेर पडले आणि ते दिसावेत म्हणून वापरलेलं रंगद्रव्य चमकलं. त्याच्या आधी पेशीच्या आत कॅल्शियम जे करतं, त्याची मात्र बातमी होत नाही.

अंडाशयातून बाहेर पडलेल्या अंडपेशीचं दुसरं अर्धगुणसूत्री विभाजन मध्येच थांबलेलं असतं. गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी, पण विलग होत नाहीत. पुढे जायचं तर सायक्लिन-बी आणि सिक्युरिन ही प्रथिनं मोडीत काढावी लागतात. ते काम एपीसी या यंत्रणेचं, आणि एपीसीला एमी-2 नावाच्या प्रथिनाने रोखून धरलेलं असतं.

शुक्राणू सोबत पीएलसी-झीटा हे विकर (एन्झाइम) आणतो. त्यामुळे आंतर्द्रव्यजालिकेत साठवलेलं कॅल्शियम पेशीरसात सुटतं. बेडकाच्या अंड्यात त्याची एकच मोठी लाट येते. उंदरात आणि माणसात काही तास लाटांमागून लाटा.

आता माझं आवडतं विकर, कॅम-कायनेज-2. कॅल्मोड्युलिन या छोट्या प्रथिनावर कॅल्शियमचे 4 आयन बसले की ते या विकराला चिकटतं आणि विकर चालू होतं. त्याचे 12 घटक एकत्र जोडलेले असतात. चालू झालेला घटक शेजारच्या चालू घटकावर फॉस्फेट चढवतो, आणि मग कॅल्शियम ओसरलं तरी तो शेजारी लगेच बंद पडत नाही. जागरणाला बसलेली मंडळी एकमेकांना कोपराने ढोसत राहतात, तसंच. हेच विकर एमी-2 वरही फॉस्फेट चढवतं. त्या खुणेमुळे प्लक-1 हे दुसरं विकर तिथे येऊन आणखी फॉस्फेट लावतं, एमी-2 नष्ट होतं आणि एपीसी मोकळी सुटते. उंदराच्या अंडपेशीत कॅल्शियम न वाढवता, कायम चालू राहणारं कॅम-कायनेज-2 घातलं तरी विभाजन पुढे सरकतं. उलट, त्याचा गॅमा प्रकार काढून टाकला तर कॅल्शियमच्या लाटा येऊनही अंडपेशी तिथेच अडकून राहते.

काही जोडप्यांत शुक्राणू थेट अंडपेशीत टोचूनही फलन होत नाही, आणि तपासात पीएलसी-झीटा सदोष निघतं. तिथे डॉक्टर कॅल्शियम आयनोफोर, म्हणजे कॅल्शियमला पेशीतल्या पडद्यांतून आरपार जाऊ देणारं रसायन, वापरून अंडपेशी चालू करून पाहतात. कॅल्शियमच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. कॅल्शियम अंडपेशीत भरपूर साठवलेलं असतं, ते सोडायला सांगणारं विकरच आलेलं नसतं.