तरवड, तरोटा, चिकणा, सराटा: पिवळ्या फुलांच्या वनौषधी घेताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहाव्याचे घोस लोंबतात, पावसाळा सरता सरता तरोटा पिवळा होतो, आणि मुरमाड गायरानातला तरवड वर्षातले बरेच महिने फुललेला असतो. त्यामुळे दुकानात ‘ती पिवळ्या फुलाची द्या’ अशी मागणी नेहमीची. तेवढ्यावर आम्ही पुडी बांधत नाही. कुणाचे मूळ लागते, कुणाचे बी, कुणाचे फळ, आणि एक-दोन तर विषारी आहेत. फुलावरून नव्हे, पान, शेंग आणि बी पाहून ओळख पटवा.

तरवड आणि तरोटा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण नावेही जवळची.

तरवड हे बारमाही झुडूप, माणसाच्या उंचीपर्यंत जाते. एका पानावर छोट्या पानांच्या ८ ते १२ जोड्या असतात आणि देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन हिरवी पाने चिकटलेली असतात. हे कान दिसले की तरवड नक्की. शेंग चपटी, कागदासारखी पातळ. साल पूर्वापार चामडे कमावायला वापरतात. औषधात फुले, बी आणि साल घेतात.

तरोटा म्हणजेच टाकळा. हा पावसाळी, गुडघा-कमरेइतका. छोट्या पानांच्या फक्त ३ जोड्या, टोके गोलसर, रात्री पाने मिटतात. शेंग दाभणासारखी बारीक, वाकडी, वीतभर लांब. बी चकचकीत तपकिरी, दोन्ही टोकांना तिरके कापल्यासारखे.

या दोघांत मिसळून उगवतो तो कासविंदा. त्याच्या जोड्या ४ ते ६, पाने टोकदार, चुरगळली की उग्र दर्प येतो. शेंग तरोट्यापेक्षा रुंद, चपटी, कडेने फिकट. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या शेंगा खाऊन लहान मुलांच्या यकृताला, मेंदूला आणि स्नायूंना इजा झाली, अनेक मुले दगावली. म्हणून तरोट्याची भाजी खुडताना जोड्या मोजा. तीनपेक्षा जास्त भरल्या तर ते रोप टाकून द्या. भाजीला फुलोऱ्याआधीचे कोवळे शेंडेच घ्यावेत. जून पाल्याने पोट ढाळते.

गजकर्णावर तरोट्याच्या बियांचा लेप लावतात. दोन चमचे बी रात्रभर आंबट ताकात भिजवा, सकाळी पाट्यावर गंधासारखे मऊ वाटा. साल कठीण असते. भरड राहिले तर कातडी खरवडते आणि आग होते. लेप पातळ लावून अर्ध्या तासाने धुवा. चिरलेल्या, ओल्या जखमेवर किंवा डोळ्याजवळ लावू नका. आधी दुकानातून स्टिरॉइडचे मलम आणून लावले असेल तर चट्टा वरून फिका पडतो, पण पसरत राहतो. अशा चट्ट्यावर लेप लावत बसू नका, त्वचारोग डॉक्टरांना दाखवा.

तरवडाची वाळलेली फुले एक चमचा, वर कपभर उकळते पाणी, पाच-सात मिनिटे झाकून मग गाळून घ्यायचे. जास्त वेळ ठेवले की तुरट होते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे आणि साखर तपासत राहावे. या फुलांनी मधुमेह ‘बरा होतो’ असे आमच्या पाकिटावर छापलेले नाही, छापणारही नाही. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि मुळात ते खरे नाही.

लहान गोखरू, मोठे गोखरू

लहान गोखरू म्हणजे शेतात पायाला टोचतो तो सराटा. जमिनीला चिकटून पसरतो, फूल पाच पाकळ्यांचे. पिकलेले फळ दाबले की पाच फाका सुटतात, प्रत्येकीला काटे. मोठ्या गोखरूचे फळ अखंड, चौकोनी, चार कोपऱ्यांना चार काटे. त्याच्या फाका पडत नाहीत. मोठ्याची ओली फांदी पेलाभर पाण्यात ढवळून पाहा. मिनिटभरात पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे बुळबुळीत होते. सराट्याने तसे होत नाही. कागदावर नुसते ‘गोखरू’ लिहिलेले असेल तर वैद्यांना कोणते ते विचारून या.

काढ्यासाठी भरड घ्या, चूर्ण नको. चूर्ण तळाला बसून करपते आणि काढा गाळता येत नाही. १० ग्रॅम भरडीला १६० मिली पाणी, झाकण न ठेवता मंद आचेवर २० मिली उरेपर्यंत आटवा. रोजचा रोज करा; आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळचा काढा संध्याकाळी आंबतो. मुतखडा असेल तर आधी सोनोग्राफी करून खडा केवढा ते कळू द्या.

चिकणा आणि पेटारी

चिकणा म्हणजे बला. पान हृदयाच्या आकाराचे, हाताला मखमली लागते. पान गुळगुळीत आणि भाल्यासारखे निमुळते असेल तर ती चिकण्याची दुसरी जात. बाजारात दोन्हींची मुळे एकत्र येतात आणि वाळल्यावर निवडणे अवघड जाते. चिकण्यात थोडे इफेड्रिन, म्हणजे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवणारे द्रव्य, असते. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि डोपिंग चाचणी द्यावी लागणाऱ्या खेळाडूंनी विचारल्याशिवाय घेऊ नये. पेटारी, म्हणजे अतिबला, फळावरून लगेच कळते: गोल, दातेरी, शिक्क्यासारखे.

बहावा

शेंग कानाजवळ हलवा. बिया खुळखुळल्या तर आतला गर सुकला आहे, ती घेऊ नका. जड आणि मुकी शेंग चांगली. चरकसंहितेत शेंगा सात दिवस वाळूत ठेवून मग उन्हात सुकवून गर काढायला सांगितले आहे. गर रेचक आहे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना घरच्या घरी देऊ नका.

पिवळा धोतरा विकत नाही

काटेरी पान, त्यावर पांढऱ्या शिरा, मोडले की पिवळा चीक. बी काळे, गोल, मोहरीत सहज मिसळते. त्याच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाल्याने १९९८ साली दिल्लीत ६० हून अधिक माणसे गेली. हा चीक डोळ्यात घालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

स्वतः गोळा करत असाल तर

कपाशी आणि केळीच्या बांधावरचा पाला घेऊ नका, त्यावर फवारणी आणि तणनाशक पडलेले असते. यावल आणि अनेर धरण अभयारण्यात तोडणीला परवानगी नाही. फुले सकाळी दव सुकल्यावर खुडा. पाने-फुले सावलीत, पातळ थरात वाळवा. पत्र्यावरच्या मे महिन्याच्या उन्हात ती दोन दिवसांत तांबूस होतात. मुळे धुऊन, तुकडे करून उन्हातच वाळवा, नाहीतर आतून बुरशी धरते. पान चुरले की कुरकुरून मोडले पाहिजे. नुसते वाकत असेल तर बरणीत भरू नका.

शंका असेल तर दुकानात फूल एकटे आणू नका. पान, शेंग आणि फूल असलेली फांदी कागदात गुंडाळून आणा, पाहून सांगतो.