भंगारातील मिश्रधातूंची पारख

घरच्या भट्टीत ओतकाम करण्यापूर्वी हाती आलेले भंगार कोणत्या धातूचे आहे, हे साध्या साधनांनी ओळखण्याची रीत. खानदेशात शेती बरीचशी विहिरी-बोअरच्या पाण्यावर, त्यामुळे असे भंगार पंप, सबमर्सिबल मोटारी, दुचाकी आणि ट्रॅक्टर यांतून निघते.

तुकडा कशातून निघाला हे कळले की निम्मी पारख झाली. पिस्टन बहुधा १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा असतो आणि साच्यात छान वाहतो. खिडकीची पट्टीही ॲल्युमिनियमचीच, पण तिच्यात सिलिकॉन १ टक्क्याहून कमी. तिचा रस साचा नीट भरत नाही आणि ओतलेली वस्तू निवताना चिरते. भंगारवाल्याच्या काट्यावर मात्र दोन्ही एकाच ढिगात.

रंग फसवतो. चकचकीत नळाला कानस लावली की मुलाम्याखाली पिवळे पितळ तरी दिसते, नाहीतर करडी जस्ताची मिश्रधातू. शंका राहिलीच तर पिकावरच्या बुरशीसाठी फवारायच्या बोर्डो मिश्रणाकरिता आणलेला मोरचूद (कॉपर सल्फेट) कामी येतो. घासलेल्या जागी त्याच्या द्रावणाचा थेंब टाकल्यास जस्त लगेच काळे पडते, लोखंडावर तांबूस थर चढतो. ॲल्युमिनियमवर बराच वेळ काही होत नाही.

सर्वांत भरवशाची कसोटी घनतेची. तुकडा ग्रॅममध्ये तोलावा. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवावा, पण तळाला टेकू देऊ नये. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितके घन सेंटिमीटर त्याचे आकारमान. ८५० ग्रॅमच्या तुकड्याने १०० ग्रॅम वाढले तर घनता ८.५, म्हणजे पितळ असण्याचा संभव. गनमेटल, म्हणजे तांबे, कथील आणि थोडे जस्त यांची मिश्रधातू, ८.७ ते ८.८, जस्ताची मिश्रधातू ६.७, ॲल्युमिनियम २.७. पितळ आणि गनमेटल यांतला फरक इतका थोडा आहे की तुकडा लहान घेतला तर तो काट्याच्या चुकीतच बुडतो. ओतीव भागात आत पोकळी असली तरी आकडा खाली येतो. घनता १.८ च्या आसपास आली तर ते मॅग्नेशियम समजून बाजूला ठेवावे. ते पेटले तर पाण्याने आग भडकते.

कासे ओळखायला नाद पुरतो. ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील असलेले कासे घंटेसारखे वाजते, पण हातोडीखाली फुटते. पितळी पत्रा वाकतो.

पितळ वितळताना पांढरा धूर येतो तो जस्ताचा. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून प्रत्येक वितळवणीत त्याचे प्रमाण घटते. हा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. भट्टी उघड्यावरच हवी.

शिसे मात्र यांतल्या कोणत्याच कसोटीत सापडत नाही. लेथवर सहज कापले जावे म्हणून पितळी सळीत ते २-३ टक्के घालतात आणि तरी घनता जवळजवळ तीच राहते. क्ष-किरणांवर चालणारे पिस्तुलासारखे यंत्र ते काही सेकंदांत दाखवते. ती तपासणी झाली नसेल तर अशा पितळेची घंटी ओतावी, बैलाचे घुंगरू ओतावे, ताट-वाटी नको.