रिपॉझिटरीत डेटा जमा करताय? अर्ज परत येण्याची खरी कारणं

शोधनिबंध स्वीकारताना नियतकालिक डेटा रिपॉझिटरीत, म्हणजे संशोधनाचा डेटा जपणाऱ्या ऑनलाइन भांडारात, ठेवल्याचा क्रमांक मागतं आणि मग प्रयोगशाळेत हार्ड डिस्क शोधायची धावपळ सुरू होते. अर्ज ऑनलाइन असतो आणि भरायला अर्धा तास पुरतो. तो परत येतो तो सोबतच्या फाइल आणि कागदांमुळे.

कुठे आणि कोणी

आधी जागा ठरवा. जीन एक्स्प्रेशनचा (कोणतं जनुक किती सक्रिय आहे याचा) डेटा जीईओ या भांडारात जातो आणि प्रथिनांच्या रचना पीडीबीमध्ये. ज्याला खास घर नाही तो झेनोडो किंवा ड्रायड या सर्वसाधारण भांडारांत जातो. झेनोडोवर एका नोंदीत ५० जीबी आणि १०० फाइल ही नेहमीची मर्यादा आहे. फाइल जास्त असतील तर झिप करा. ड्रायड सगळा डेटा सीसी-झिरो परवान्यावर (कोणीही, कोणत्याही अटीविना वापरावा असा) खुला करतं, त्यामुळे दुसऱ्याकडून अटींवर आणलेला तक्ता त्यात घुसडू नका.

खातं कोणीही उघडू शकतं, पण जमा करणारा 'मला हा अधिकार आहे' असं मान्य करत असतो. डेटा बहुधा संस्थेचा असतो, विद्यार्थ्याचा नव्हे. तेव्हा मार्गदर्शकांची आणि डेटात वाटा असलेल्या प्रत्येक भागीदाराची लेखी संमती आधी घ्या. साधा ईमेलही चालतो, फक्त तो जपून ठेवा. खातं केवळ संस्थेच्या ईमेलवर उघडलं तर पीएचडी संपून तो पत्ता बंद झाला की नोंदीत दुरुस्तीही करता येत नाही. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, १६ अंकी क्रमांक काढून तो खात्याला जोडा.

कोणाकडेच नसलेला कागद

माणसांवरचा अभ्यास असेल तर संमतीपत्रातलं वाक्य वाचा. 'माहिती फक्त संशोधकांकडे राहील' किंवा 'अभ्यासानंतर नष्ट केली जाईल' असं छापलेलं असेल, तर नाव खोडलेला डेटाही खुला करता येत नाही. हे वाक्य वर्षांपूर्वी कुणीतरी जुन्या नमुन्यावरून उतरवलेलं असतं आणि भुर्दंड आज पडतो. उपाय दोनच: नैतिकता समितीकडे लेखी विचारणा करा, किंवा फाइल मर्यादित प्रवेशाखाली ठेवा आणि वर्णन तेवढं खुलं करा. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, असंही समजू नका. जन्मतारीख, गाव आणि दुर्मीळ आजार एका ओळीत आले की माणूस सापडतो. तारखेऐवजी वयोगट द्या.

रीडमी

ड्रायडला डेटा समजावून सांगणारी ही फाइल हवीच असते, इतरत्रही तिच्याशिवाय डेटा निरुपयोगी. तरीही ती शेवटच्या रात्री लिहिली जाते आणि तिच्यात निबंधाचा गोषवारा चिकटवलेला असतो. तिथे हवं ते वेगळंच: प्रत्येक स्तंभाचं नाव, त्याचा अर्थ, एकक, आणि मोजमाप नसेल तिथे काय लिहिलंय ते. रिकामा चौकोन, शून्य आणि '-९९९' एकाच तक्त्यात दिसले तर तपासणाऱ्याने काय समजायचं? 'तापमान' स्तंभ सेल्सिअसमध्ये की केल्विनमध्ये, हे तुमच्या टेबलावर उघड असेल, बाहेर नाही.

तक्ते सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) द्या. एक्सेलमध्ये पिवळ्या रंगाने खूण केलेल्या 'वाईट' ओळींचा रंग सीएसव्हीत उडून जातो, म्हणून खुणेसाठी वेगळा स्तंभ करा. एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजून बदलतं. हा त्रास इतका पसरला की २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने मार्च आणि सेप्ट गटांतल्या जनुकांची नावंच बदलली. जुन्या फाइलमध्ये मात्र ती चूक अजून बसलेली असू शकते.

जीईओवाल्यांसाठी

कच्च्या फाइल, प्रक्रिया केलेल्या फाइल आणि नमुने व फाइल यांच्या माहितीचा तक्ता अशी तिन्ही लागतात. 'महत्त्वाच्या जनुकांची यादी' चालत नाही, सगळ्या जनुकांचा पूर्ण तक्ता लागतो. माहितीच्या तक्त्यातलं फाइलचं नाव आणि प्रत्यक्ष फाइलचं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. एखादी मधली रिकामी जागा (स्पेस) किंवा कॅपिटल अक्षर चुकलं की अर्ज अडतो. फाइल चढवण्याआधी तिची एमडी५ बेरीज (फाइल बदलली की बदलणारा पडताळणीचा आकडा) काढून ठेवा, म्हणजे अर्धवट चढलेली फाइल तुम्हालाच आधी सापडेल.

मुदत चुकीची वाचली जाते ती इथे

जीईओच्या तपासणीला साधारण ५ कामकाजाचे दिवस लागतात, तेही सगळं पूर्ण दिल्यावर. त्रुटी निघाली की पुन्हा वाट. निबंध पाठवायच्या आदल्या दिवशी अर्ज करणाऱ्यांची निराशा ठरलेलीच.

एम्बार्गोची तारीख म्हणजे फाइल आपोआप खुल्या होण्याची तारीख. तिला 'जमा करायची शेवटची तारीख' समजून अंदाजे टाकणारे पुष्कळ. झेनोडोवर एम्बार्गो असला तरी शीर्षक आणि वर्णन पहिल्या दिवसापासून दिसतं. पेटंटच्या तयारीत असाल तर शीर्षकातच शोध सांगून बसू नका.

झेनोडो डीओआय (नोंदीचा कायमचा क्रमांक, जो लिंकसारखा उघडतो) आधी राखून देतं, पण 'प्रकाशित करा' दाबेपर्यंत तो उघडत नाही. निबंधात क्रमांक छापून नोंद मसुद्यातच विसरलेली लिंक वाचकाला कुठेच नेत नाही. दाबण्याआधी झिप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. विंडोजवर फाइलच्या मार्गाची (सगळ्या फोल्डरांच्या नावांसह पूर्ण पत्त्याची) लांबी २६० अक्षरांपुढे गेली की आतल्या फोल्डरमधल्या फाइल बाहेर निघत नाहीत. प्रकाशनानंतर चूक सापडली तर वर्णन सुधारता येतं. फाइलसाठी मात्र सहसा नवी आवृत्ती काढावी लागते आणि तिला वेगळा डीओआय मिळतो, म्हणून निबंधात कोणत्या आवृत्तीचा क्रमांक छापलाय ते तपासा.