गवत, भिंत आणि पुन्हा गवत

स्कॉटलंडच्या पार्लमेंटने 1695 साली एक कायदा केला: समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरचं गवत उपटायचं नाही. लोक ते छपरं शाकारायला नेत. आदल्याच वर्षी कल्बिन इथली शेतंच्या शेतं वादळात उडालेल्या वाळूखाली गाडली गेली होती आणि खापर या उपटण्यावर फुटलं होतं. किनारा मुळं धरून ठेवतात, ही समज इतकी जुनी आहे.

पुढे काँक्रीट आलं आणि ती मागे पडली. धूपप्रतिबंधक बंधारा मागची जमीन वाचवतो, यात खोटं काही नाही. पण त्यावर आपटलेली लाट विरत नाही. तिचा काही जोर उलटा फिरतो, काही खाली वळून पायथ्याची वाळू उकरतो. पुळण खचते, पाणी खोल होतं, खोल पाण्यातून लाट आणखी मोठी येते. बंधारा संपतो तिथे शेजारची जमीन कातरली जाऊ लागते. मग शेजारीही भिंत घालतो.

अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठी एडवर्ड गार्बिश या रसायनशास्त्राच्या माजी प्राध्यापकाने 1972 साली संस्था काढली आणि भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात खाजणगवताची रोपं लावायला घेतली. अशा लागवडीच्या जोडीला पुढे दगडांचे ठेंगणे बांध आले, कालवांच्या शिंपल्यांनी भरलेली पोती आली. कालवांची पिल्लं जुन्या शिंपल्यांवर चिकटून वाढतात, म्हणजे बांध आपला आपणच उंचावतो. काँक्रीटला हे कुठलं जमायला! या पद्धतीला 'लिव्हिंग शोअरलाइन', म्हणजे जिवंत किनारा, म्हणू लागले. मेरीलँडने 2008 मध्ये कायदाच केला: जमेल तिथे आधी हीच पद्धत.

जर्मनीत हॅनोव्हरला कृत्रिम लाटा उठवणाऱ्या 300 मीटर लांब टाकीत खरंखुरं खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची गवताळ दलदल, आणून बसवलं होतं. 2014 साली निष्कर्ष आले. 40 मीटरच्या पट्ट्यात लाटांची उंची वीस टक्क्यांपर्यंत उतरली. गवत मोडलं, खालची जमीन मात्र फारशी हलली नाही. उघड्या समुद्राच्या थेट माऱ्यात रोपं तग धरत नाहीत, हेही खरं.

शिवाय कुठलं गवत कुठे, हा प्रश्न उरतोच. चीनने 1979 साली अमेरिकेतलं खाजणगवत किनारा वाचवायलाच आणलं. ते इतकं माजलं की पक्ष्यांच्या चरण्याचे चिखलपट्टे त्याने गिळले, आणि 2022 पासून तेच गवत उपटायची सरकारी मोहीम निघाली.