ठाणे जिल्ह्यातल्या तृतीयपंथीयांचं आरोग्यशिक्षण : एका आजारापासून सुरू झालेला इतिहास

जानेवारी २०२५ च्या अखेरीस कल्याणमधला ‘मित्र’ दवाखाना बंद पडला. २० जानेवारीला अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत ९० दिवस रोखण्याचा आदेश काढला आणि ‘यूएसएड’ या अमेरिकी मदतसंस्थेच्या पैशावर चालणारे हैदराबाद, कल्याण व पुणे इथले तिन्ही ‘मित्र’ दवाखाने थांबले. एचआयव्हीची तपासणी आणि उपचार, हार्मोन्सबद्दल सल्ला, समुपदेशन, कागदपत्रांसाठी मदत हे सगळं तिथे एकाच छपराखाली मिळत होतं. तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे ५,००० जणांना सेवा मिळत होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं.

कल्याणच्या रुग्णाचं औषधपाणी वॉशिंग्टनच्या पैशावर का अवलंबून असावं, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. तो विचारायला हवा. जिल्ह्यात सरकारी रुग्णालयं आहेत, ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांची स्वतःची मोठी इस्पितळं आहेत. तरीही तृतीयपंथी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसांना शरीराविषयी जे काही शिकायला मिळालं, ते बहुतेक प्रकल्पांमधून मिळालं, आणि प्रकल्पाला मुदत असते.

सरकार आणि तृतीयपंथी यांच्यातला हा दुरावा जुना आहे, पण कायमचा होता असं नाही. मराठेशाहीत दख्खनमधल्या काही हिजड्यांकडे गावोगाव धान्य आणि पैसा गोळा करण्याचे वंशपरंपरागत हक्क होते, काहींकडे जमिनीही होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई सरकारने हे हक्क मान्य करणं थांबवलं. १८६० च्या दंडसंहितेत ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ आलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक अख्खा भागच हिजड्यांवर होता. संशयितांची नावं नोंदवहीत घालायची, बाईच्या वेशात रस्त्यावर दिसल्यास किंवा नाचल्यास शिक्षा, मूल सांभाळायला आणि मृत्युपत्र करायलाही बंदी. तो मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत राबवला गेला आणि १९११ च्या कायद्यात हा भाग राहिला नाही. पण सरकारी माणूस दिसला की बाजूला व्हायचं, ही सवय पुढच्या पिढ्यांच्या अंगात मुरली. सरकारी डॉक्टर हासुद्धा सरकारी माणूसच.

त्यामुळे शरीराचं ज्ञान डेऱ्याच्या, म्हणजे गुरू आणि चेले एकत्र राहतात त्या घराच्या, आत राहिलं. गुरूने चेल्याला सांगायचं, चेल्याने आपल्या चेल्याला. त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग निर्वाणाचा, म्हणजे लिंगविच्छेदनाचा. ही शस्त्रक्रिया दाई करायची, भूल नसायची, नंतर ४० दिवस विश्रांती, खाण्यापिण्याची पथ्यं आणि बहुचरा मातेची आराधना. या ४० दिवसांकडे निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बघणं मला पटत नाही. जखम भरेपर्यंत माणसाला घरात ठेवून सांभाळण्याची ती एक व्यवस्था होती, आणि दुसरी कुठलीच व्यवस्था उपलब्ध नव्हती. पण ती पुरेशी नव्हती. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने माणसं दगावायची, जगलेल्यांपैकी अनेकांचा मूत्रमार्ग आक्रसायचा आणि लघवीचा त्रास जन्मभर पाठीशी लागायचा. असं लिंगविच्छेदन दंडसंहितेत गंभीर दुखापतीत मोडत असल्याने जखम चिघळली तरी दवाखान्यात जाणं म्हणजे पोलिसांना बोलावणं. मेलेल्यांची नोंद कुठेच नाही.

ठाणे जिल्ह्याची जडणघडण या गोष्टीशी जोडलेली आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली रेल्वे ठाण्याला येऊन थांबली. तेव्हापासून या पट्ट्यात घर सोडून आलेल्या माणसाला लपायलाही जागा मिळाली आणि पोट भरायलाही. भिवंडीत यंत्रमाग आले, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडच्या गावांच्या जमिनीवर नवं शहर उभं राहू लागलं, मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याकडे हलले. ट्रक, गोदामं, एकटे राहणारे कामगार, स्वस्त खोल्या. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू झाला आणि बधाईखेरीज (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन पैसे घेण्याखेरीज) गाडीत मागायला जाण्याचा आणखी एक रस्ता उघडला. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नुसार गाडीत भीक मागणं बरीच वर्षं गुन्हा होता. ज्या माणसाचा दिवस पकडलं जाण्याच्या धास्तीत जातो, तो सकाळी नऊच्या ओपीडीत रांग लावायला येत नाही, एवढी साधी गोष्ट आरोग्याच्या नियोजनात कित्येक वर्षं कुणी धरली नव्हती.

ती धरायला भाग पाडलं एचआयव्हीने. देशातली पहिली लागण १९८६ मध्ये चेन्नईत आढळली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे ‘नॅको’ सुरू झाली, १९९८ मध्ये महाराष्ट्राची स्वतंत्र एड्स नियंत्रण संस्था आली. मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी यांनी ‘हमसफर ट्रस्ट’ उभा केला होता. हिजड्यांनी हिजड्यांसाठी चालवलेली ‘दाई वेल्फेअर सोसायटी’ त्यानंतर आली आणि २००२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी तिच्या अध्यक्ष झाल्या. लक्ष्मी ठाण्याच्या. भरतनाट्यम शिकलेली, इंग्रजीत बोलणारी, कॅमेऱ्यासमोर न बिचकणारी ही ठाणेकरीण टीव्हीवर दिसू लागली आणि तृतीयपंथीयांच्या आरोग्याबद्दल मराठी घरांत पहिल्यांदा थोडं मोकळेपणाने बोललं गेलं. २००७ मध्ये त्यांनी ‘अस्तित्व’ ही संस्था सुरू केली.

खरं शिक्षण मात्र कॅमेऱ्यामागे चाललं होतं. टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन) प्रकल्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, जास्त जोखमीच्या गटांसाठीच्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या योजनेत समाजातल्याच माणसाला पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्याच लोकांना शिकवणारी कार्यकर्ती, नेमायचं, तिच्या हाती काही डेरे आणि काही ठिकाणं सोपवायची, असा घाट होता. ती दुपारी जाणार, मंगतीवरून, म्हणजे पैसे मागण्याच्या फेरीवरून, लोक परतल्यावर. आधी गुरूशी बोलणार, कारण गुरूची परवानगी नसेल तर चेले तोंड उघडत नाहीत. मग चहा, मग लाकडी मॉडेलवर कंडोमचं डेमो, कोणतं वंगण वापरायचं आणि खोबरेल तेलाने कंडोम का फाटतो, हे आपसातल्या बोलीत आणि हसतखेळत. दर तीन महिन्यांनी गुप्तरोगाची तपासणी, वर्षातून दोनदा एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त. कुणी घाबरली तर तिच्यासोबत आयसीटीसीपर्यंत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रापर्यंत) जायचं, रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसून राहायचं. या बाकावर बसून राहण्याला कुठल्याही अहवालात रकाना नसतो. माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमातला सर्वात मोलाचा भाग तोच होता.

त्या काळात हे काम करणंही धोक्याचं होतं. २००१ मध्ये लखनौत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच कलम ३७७ खाली अटक झाली होती. कंडोम वाटणाऱ्याला पोलीस पकडणार असतील तर साथ रोखायची कशी, हे ‘नॅको’लाही कळलं आणि २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सरकारच्याच या संघटनेने सांगितलं की हे कलम आमच्या कामात आडवं येतं. २००९ मध्ये ते शिथिल झालं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभं केलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीच्या संबंधांपुरतं अखेर गेलं.

१ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधं, सुरू झाली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. पुढे ठाण्याच्या सिव्हिलमध्ये (जिल्हा रुग्णालयात) आणि वाशीच्या महापालिका रुग्णालयात केंद्रं झाली आणि गोळ्या जवळ आल्या. २०१७ पासून तर सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशी) चा आकडा न बघता निदान झालं की लगेच उपचार, असं धोरण आलं. तरी केसपेपरवर कोणतं नाव लिहायचं, पुरुषांच्या रांगेत उभं राहायचं की बायकांच्या, भरती व्हायचं झालं तर कोणत्या वॉर्डात, हे प्रश्न प्रत्येक खेपेला नव्याने सोडवावे लागत. अनेकजणी भरती व्हायचंच टाळत.

सरकारी आकड्यांतही बराच काळ हिजडे आणि पारलिंगी स्त्रिया ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ या गटात मोडत होत्या. वेगळं मोजायला लागल्यावर चित्र दिसलं. ‘नॅको’च्या २०१४-१५ च्या पाहणीत त्यांच्यातलं एचआयव्हीचं प्रमाण ७.५ टक्के निघालं, तर २०१७ च्या टेहळणीत ३.१४ टक्के. पाहणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून घट मोजता येत नाही, पण त्याच सुमाराला देशातल्या प्रौढांमधलं प्रमाण पाव टक्क्याच्याही आत होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे पुरे.

मात्र या यशात एक खोट राहिली. पैसा एचआयव्हीसाठी आला, म्हणून शिकवणही एचआयव्हीपुरतीच आली. माणसाचं बाकीचं शरीर आणि मन प्रकल्पाच्या कागदात बसत नव्हतं.

हार्मोन्सचंच बघा. छाती भरावी, चेहरा मऊ व्हावा म्हणून औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणायच्या आणि दिवसाला चार-पाच घ्यायच्या, हे ज्ञान एकीकडून दुसरीकडे पसरत गेलं. या गोळ्यांत इथिनिल एस्ट्रॅडिऑल असतं. त्याने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्यांत आणखी. पारलिंगी स्त्रियांसाठी डॉक्टर वेगळं, साधं एस्ट्रॅडिऑल वापरतात आणि मधूनमधून रक्त तपासतात. दुप्पट गोळ्या खाल्ल्याने छाती दुप्पट वेगाने वाढत नाही, तिला दोन-तीन वर्षं लागतातच, आणि फुटलेला आवाज हार्मोन्सने परत बारीक होत नाही. एआरटी चालू असतानाही हार्मोन्स घेता येतात, फक्त दोन्ही औषधांची माहिती दोन्ही डॉक्टरांना हवी. एवढं सांगायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. पण सांगणारं कुणी नव्हतं. ट्रान्स पुरुषांची, म्हणजे जन्मतः मुलगी म्हणून नोंदल्या गेलेल्या पुरुषांची, स्थिती तर आणखी बिकट. ते डेऱ्यात नसतात, टीआय प्रकल्पाच्या यादीतही नसतात. छाती घट्ट बांधून श्वास कोंडतो, टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होऊ शकतं, आणि दाढी असलेल्या माणसाने स्त्रीरोगतज्ज्ञाकडे बायकांच्या गर्दीत बसायचं कसं, याचं उत्तर त्यांना स्वतःच शोधावं लागतं.

मनाचा भाग तर याहून मागे राहिला. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. ‘ठाण्याला पाठवू’ ही धमकी महाराष्ट्रभरच्या घरांत ऐकू येते, आणि मुलगा बायकी वागतो म्हणून घाबरलेल्या घरांतही ती दिली गेली आहे. वैद्यकशास्त्रही बराच काळ घरच्यांच्याच बाजूला होतं. लिंगभाव वेगळा असणं हा मनाचा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या नव्या वर्गीकरणात आलं, आणि ते वर्गीकरण २०२२ मध्ये लागू झालं. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने लैंगिकता किंवा लिंगभाव ‘बदलण्याचे’ उपचार हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. मानसिक आरोग्याचा आधार मागणाऱ्या माणसाला ‘तू असा का’ या प्रश्नाऐवजी ‘तुला काय होतंय’ हे विचारलं जावं, इतकीच अपेक्षा असते.

कायद्याने हा रोख १५ एप्रिल २०१४ ला बदलला. नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. त्या खटल्यात लक्ष्मी त्रिपाठीही होत्या. रुग्णालयांत योग्य उपचार, वेगळी स्वच्छतागृहं, आणि भीती, लाज, नैराश्य, आत्महत्येचे विचार यांकडे गांभीर्याने बघा, असं न्यायालयाने सरकारांना बजावलं. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्कसंरक्षण कायद्याचं कलम १५ आणखी पुढे गेलं. शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार, समुपदेशन, विमा आणि डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाची फेरतपासणी ही सरकारची जबाबदारी ठरली. राज्यात २०२० मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ आलं. २०२२ मध्ये तृतीयपंथीयांच्या आरोग्यविम्यासाठी ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ची घोषणा झाली, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. २०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र वॉर्ड उघडला. ठाणे-बेलापूरकरांसाठी तो लोकलच्या पार शेवटच्या टोकाला आहे, तरी वॉर्डाच्या प्रश्नाचं एक लेखी उत्तर तिथे मिळालं.

कल्याणच्या दवाखान्याचं महत्त्व या पार्श्वभूमीवर कळतं. एचआयव्हीच्या पैशातून उभं राहूनही तिथे हार्मोन्सबद्दल आणि मनाबद्दल बोलता येत होतं, समोरचा माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच होता. हीच कामं सिव्हिलमध्ये किंवा महापालिकेच्या दवाखान्यात कायमच्या पदांवर, समाजातल्या माणसांना नेमून करता आली असती. कायद्याने ती सक्तीची केलेली होती. म्हणूनच दवाखाना बंद झाल्याचं दुःख असलं तरी राग मला अमेरिकेचा येत नाही.

आता पुढचा प्रश्न वयाचा आहे. नव्वदच्या दशकातल्या साथीतून वाचलेल्या, एआरटीवर तगलेल्या गुरू आज पन्नाशी-साठीत आहेत. मधुमेह, रक्तदाब, ठिसूळ हाडं, जुन्या निर्वाणाचा लघवीचा त्रास. निर्वाणानंतरही प्रोस्टेट ग्रंथी शरीरात राहते, हे त्यांतल्या कितीतरी जणींना कुणी सांगितलेलं नाही. विम्याच्या कार्डासाठी आधी जिल्हाधिकाऱ्यांकडचं तृतीयपंथी ओळखीचं प्रमाणपत्र लागतं, ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करून. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हींसाठी ते कार्यालय ठाण्यातच. लहानपणी घर सोडलेल्या माणसाकडे शाळेचा दाखला नसतो, रेशनकार्डावर नाव नसतं, आधार असलं तर जुन्या नावाचं. अर्ज भरायला सध्या मदत करतात त्या बऱ्याचशा पूर्वीच्या पीअर एज्युकेटरच.